गर्भावस्थेतील तपासण्या : चाळणी वेगळी, निदान वेगळे

दिवस राहिले की डॉक्टरांच्या पहिल्या एक-दोन भेटींतच तपासण्यांची यादी हाती पडते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२० सालची शिफारस अशी की, वय काहीही असो, गुणसूत्रदोषांची तपासणी प्रत्येक गर्भवतीला सुचवावी. पण ती सक्तीची नाही. करून घेणे वा नाकारणे तिच्या हाती आहे.

या तपासण्यांचे प्रकार दोन. पहिला चाळणीचा. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तात उतरलेले वारेच्या डीएनएचे अंश तपासतात. बाळाला धोका नाही, पण उत्तर केवळ शक्यतेचे असते. दुसरा निदानाचा. वारेच्या पेशी (१० ते १३ आठवडे) किंवा गर्भजल (१५ आठवड्यांनंतर) काढून तपासतात. उत्तर जवळजवळ खात्रीचे, मात्र गर्भपाताचा थोडा धोका असतो.

हिशेब करून पाहू. पंचविशीतल्या १०,००० गर्भवतींत सुमारे ८ बाळांना डाऊन सिंड्रोम असतो. रक्ततपासणी ही बहुतेक सर्व बाळे ओळखते. पण उरलेल्यांत ती हजारी एक जरी चुकली, तरी आणखी १० जणींना ‘पॉझिटिव्ह’ असे कळते. म्हणजे १८ पैकी १० जणींची धास्ती विनाकारण! चाळिशीत हा रोग अधिक आढळतो, म्हणून तेथे पॉझिटिव्ह उत्तर खरे ठरण्याची शक्यताही वाढते. केवळ रक्ताच्या उत्तरावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये. अमेरिकी सरकारच्या औषध प्रशासनानेही एप्रिल २०२२ मध्ये असा इशारा दिला आहे. उलट, ‘निगेटिव्ह’ म्हणजे सर्व काही ठीक, असेही नाही. हृदयाचे वा मणक्याचे व्यंग पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पाहावे लागते.

फायदाही मोठा आहे. हृदयदोष आधी कळला, तर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात बाळंतपण ठरवता येते. भारतीय वंशाच्या जोडप्यांनी थॅलेसेमियाची तपासणी विसरू नये. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

म्हणून रक्त देण्यापूर्वी पतिपत्नींनी शांतपणे बसून चार प्रश्न सोडवावेत. उत्तर वाईट आले, तर गर्भजल तपासायचे का? त्यातही दोष निघाला, तर पुढे काय? २०२२ पासून गर्भपाताचे नियम राज्याराज्यांत फार वेगळे आहेत. आपल्या राज्यात किती आठवड्यांची मुदत आहे? आणि विमा यातले काय भरतो? जमल्यास जेनेटिक कौन्सेलरची भेट घ्यावी. ‘काही झाले तरी हे बाळ आमचेच’ असे ठरले असेल, तर तपासणी नाकारण्यात गैर काही नाही. आणि येणाऱ्या बाळाची तयारी म्हणून ती करून घेण्यातही नाही.