पहिली लाट कंबरभर पाण्यात

सर्फिंग शिकायचं तर जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याचा नाद सोडा. खवळलेल्या समुद्रात नवख्याचं काही काम नाही. पावसाळा सरला की कर्नाटकातलं मुल्की किंवा गोव्यातलं आश्वे, मोरजी गाठा. पोहता येत नसेल तर आधी ते शिका, मग प्रशिक्षक शोधा.

बोर्ड मऊ फोमचा, 8 ते 9 फुटांचा घ्या. आखूड, टोकदार बोर्ड दिसतो झकास, पण नवख्याखाली तो नुसता डुगडुगतो. आता कुणाला तरी तुम्हाला मागून अचानक ढकलायला सांगा. तोल सावरायला जो पाय पुढे पडेल, तो बहुधा तुमचा पुढचा पाय. लीश, म्हणजे बोर्डाची दोरी, दुसऱ्या पायाच्या घोट्याला बांधायची.

सुरुवातीचा सराव वाळूवर. बोर्डाएवढी आकृती आखून तिच्यावर पालथे पडा. तळवे बरगड्यांशेजारी सपाट टेका, कडा पकडू नका. हातांवर जोर देऊन छाती उचला आणि पुढचा पाय थेट दोन्ही हातांच्या मध्ये आणा. गुडघे वाकलेले, पावलं आडवी, नजर किनाऱ्यावर. नजर पायांकडे गेली की तोल गेलाच! बहुतेकांना हा सराव उरकून पाण्यात पळायचं असतं. घाई करू नका. लाटेवर विचार करायला सवड नसते, अंगात मुरलेलं असेल तेवढंच कामी येतं.

पाण्यात बोर्ड बाजूला धरून चाला. लाट आणि तुमच्यामध्ये तो कधीही येऊ देऊ नका, लाट तो तुमच्यावरच आदळते. कंबरभर पाण्यात थांबा आणि फुटून आलेली फेसाळ लाट निवडा. टोक किनाऱ्याकडे वळवून पालथे व्हा. टोक पाण्यावर दोन-तीन बोटं दिसायला हवं. फार पुढे सरकलात तर ते पाण्यात घुसतं, मागे राहिलात तर लाट खालून निघून जाते. लाट जवळ आली की हातांनी पाणी मारायला लागा. मागची बाजू उचलली जाऊन बोर्ड आपोआप धावू लागला की आणखी दोन हात मारा आणि उठा.

पडताना अंग पसरून पडा, डोकं खाली करून कधीच नाही. वर येताना हात डोक्यावर धरा, बोर्ड जवळच असतो. पाण्याची ओढ आत नेऊ लागली तर तिच्याशी झुंजू नका. बोर्ड न सोडता हात वर करून मदत मागा, किनाऱ्याला समांतर सरका आणि ओढ सुटली की परत फिरा.

फेसाळ लाटेवर उभं राहून किनाऱ्यापर्यंत येणं हुकमी जमू लागलं, की न फुटलेल्या लाटेचं प्रशिक्षकाला विचारा.