हातावरची परीक्षा

मुलांनो, घर झाडताना कुणाला शिंकांमागून शिंका येतात, तर कुणाच्या अंगावर अंडे खाल्ले की गांधी उठतात. अशा वेळी ‘त्याला अंड्याचे वावडे आहे’ असे मराठीत म्हणतात. डॉक्टर यालाच अ‍ॅलर्जी म्हणतात.

वावडे नक्की कशाचे, हे कसे कळणार? इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे चार्ल्स ब्लॅकली नावाचे डॉक्टर होते. गवत फुलले की त्यांना सर्दी होई. त्यांनी स्वतःच्याच त्वचेवर ओरखडा काढून त्यावर गवताचे परागकण लावले. तेथे खाज सुटली, सूज आली. त्यांचे प्रयोग १८७३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

आज हीच चाचणी अधिक सोप्या रीतीने करतात. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, हाताच्या आतल्या बाजूस डॉक्टर थोड्या थोड्या अंतरावर थेंब ठेवतात. एक थेंब परागकणांच्या अर्काचा, एक धुळीतील सूक्ष्म किड्यांचा, एक झुरळाचा. प्रत्येक थेंबातून त्वचेला सुईने हलकेच टोचतात. मग पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. (या वेळात खाजवायचे नाही. हेच सर्वांत कठीण!) ज्याचे वावडे असेल तेथे डास चावल्यासारखी गांध उठते. डॉक्टर ती पट्टीने मोजतात.

ही गांध उठते हिस्टामीनमुळे. वावड्याची वस्तू आत शिरली की त्वचेतील काही पेशी हिस्टामीन सोडतात. आता पाहा, सर्दी-खाजेवर आपण सेट्रिझिनची गोळी घेतो, ती हिस्टामीनचेच काम अडवते. गोळी पोटात असताना चाचणी केली, तर वावडे असूनही हात स्वच्छ दिसू शकतो. मग ‘मुलीला काहीच नाही’ असे समजून घरचे निश्चिंत होतात आणि तिचा त्रास तसाच राहतो.

म्हणून डॉक्टर आणखी दोन थेंब ठेवतात. एक मिठाच्या पाण्याचा. तेथे काही उठू नये. दुसरा हिस्टामीनचा, तेथे प्रत्येकाला गांध उठलीच पाहिजे. ती उठली नाही, तर औषधाचा अंमल आहे असा संशय येतो आणि चाचणी पुन्हा करावी लागते.

सेट्रिझिनसारखी गोळी साधारणपणे सात दिवस आधी बंद ठेवायला सांगतात. फसगत होते ती निराळ्याच ठिकाणी. अम्मी म्हणते, “औषध कुठले? सर्दीचे सरबतच तर दिले!” पण सर्दीच्या पुष्कळ सरबतांत क्लोरफेनिरामिन असते, आणि तेही त्याच जातीचे. मन उदास राहते म्हणून दिलेल्या काही गोळ्याही गांध दाबतात. हातावर रोज स्टेरॉइडचे मलम लावत असाल, तर तेथील त्वचाही नीट उत्तर देत नाही.

याउलट, दम्याचा पंप बंद करू नका. नेहमीच्या पंपाने या चाचणीत फरक पडत नाही. तो सोडला तर मात्र दमा उसळून जीव धोक्यात येऊ शकतो. मनाच्या आजाराच्या गोळ्याही स्वतःहून थांबवायच्या नसतात.

घरात इंग्रजी वाचणारे बहुधा तुम्हीच असता. तेव्हा अब्बांबरोबर दवाखान्यात जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे आणि बाटल्या पिशवीत घाला. काय थांबवायचे आणि किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. एखादे औषध थांबवता येण्यासारखे नसेल, तर ते रक्ताची तपासणी करतात. सर्दीच्या गोळीने त्या तपासणीत बाधा येत नाही.