रात्रीच्या धनुर्मासेमारीकरितां पाँटून नौकेवरील दिव्यांची मांडणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत, रात्रीं दिवे लावून धनुष्यबाणानें मासे मारण्याचा प्रघात आहे. यांतील कांहीं मासे आमच्या शेततळ्यांतील ओळखीचेच होत. गवत्या व चंदेरा हे तिकडे मूळचे नव्हेत. गवत्या १९६३ सालीं व चंदेरा १९७० नंतरच्या दशकांत, तळ्यांतील पाणगवत व शेवाळ खावें म्हणून मुद्दाम आणविले गेले. पुढें ते तळ्यांतून निसटून नद्यांत माजले, व तेथील मूळच्या माशांचा चारा त्यांनीं फस्त केला. त्यामुळें ते कितीहि मारले तरी कोणाची हरकत नसते.

या कामास पाँटून नौका पुष्कळ लोक पसंत करतात. दोन लांब पोकळ नळ्यांवर बसविलेला सपाट तक्ता, एवढेंच तिचें स्वरूप. मिनेसोटा संस्थानांतील अँब्रोज वीअर्स या शेतकऱ्यानें १९५२ सालीं लोखंडी पिपें सांधून त्यांवर लाकडी तक्ता बसविला, व तेथून हा प्रकार रूढ झाला. आतां नळे अल्युमिनियमचे असतात. नौका उथळ पाण्यांत चालते आणि तीन-चार माणसें उभीं राहिलीं तरी फारशी डुलत नाहीं.

प्रकाशाचें प्रयोजन काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. समुद्रांत एल. ई. डी. दिव्यांनीं मासे गोळा करून जाळ्यांत ओढण्याचा जो प्रकार २०१७ सालीं केंद्र सरकारनें बंद केला, त्याशीं याची गल्लत करूं नये. येथें मासा जवळ बोलवावयाचा नसून ओळखावयाचा असतो. गळास लागलेला नको असलेला मासा परत सोडतां येतो. बाण लागलेला मासा सोडून उपयोग नाहीं. बास वगैरे राखीव मासे बाणानें मारण्यास तेथील बहुतेक संस्थानांत मनाई आहे. तेव्हां तळाशीं हलणारी आकृति कोणत्या माशाची, हें बाण सुटण्यापूर्वीं कळलेंच पाहिजे. तें न दाखविणारा दिवा कितीहि प्रखर असला तरी व्यर्थ होय.

म्हणून दिव्याच्या शक्तीपेक्षां त्याच्या जागेचा विचार आधीं करावा. पाण्यावर सरळ खालीं पडणाऱ्या प्रकाशापैकीं अवघा २ टक्के परत फिरतो. परंतु पाण्याच्या पृष्ठाशीं १० अंशांचाच कोन करून आलेल्या प्रकाशापैकीं सुमारें ३५ टक्के परत उसळतो, आणि तोच डोळ्यांस दिपवितो. यास्तव दिवे तक्त्याच्या पुढील व बाजूच्या कडेला, पाण्यापासून दीड-दोन फुटांवर, तोंड खालीं झुकवून बसवावेत. नेमबाज दिव्यांच्या मागें, अंधारांत उभा असावा. गॅसबत्ती डोळ्यांसमोर धरली म्हणजे पाण्यांतलें कांहीं दिसत नाहीं, हें चढणीचे मासे धरावयास जाणाऱ्या कोंकणी माणसास सांगावयास नको. दिवे डोक्यावर टांगले तर नेमबाजाची सावली पाण्यावर पडते आणि किडे तोंडावर येतात. ज्यांनीं शेतांत प्रकाशसापळा लावला असेल, त्यांस या किड्यांची कल्पना येईल.

चांगल्या प्रकाशांतहि पाणी फसवितें. ४ फूट खोल असलेला मासा सरळ वरून पाहिला तर ३ फुटांवर दिसतो, व तिरकस पाहिला तर त्याहूनहि वर. नेम दिसणाऱ्या माशाच्या खालीं धरावा लागतो तो यामुळें.

स्वच्छ पाण्यास पांढरा प्रकाश चांगला. पालापाचोळा कुजून तांबूस झालेलें पाणी निळा प्रकाश शोषून घेतें; तेथें पिवळसर दिवे लावावेत. त्यांवर किडेहि कमी येतात.

आतां विजेचा हिशेब. पूर्वीं ५०० वॅटचे ८ हॅलोजन दिवे लावले तर ४००० वॅट लागत, व त्यास जनरेटरवांचून गति नसे. एल. ई. डी.च्या ५० वॅटच्या १० दिव्यांत तें काम भागतें. १२ व्होल्टवर या ५०० वॅटना सुमारें ४२ अँपिअर प्रवाह लागतो, आणि ४ तासांस २००० वॅट-तास. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरींत १२०० वॅट-तास असतात खरे, परंतु ती निम्म्याहून अधिक उतरवीत गेल्यास लवकर निकामी होते. म्हणून अशा ४ बॅटऱ्या धराव्या. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या २ पुरतात. त्या महाग, पण वजनानें निम्म्याहूनहि हलक्या.

तारेंत मात्र काटकसर नको. विहिरीवरील पंपास लांबून बारीक तार आणली म्हणजे काय होतें, हें वाचक जाणतात. १२ व्होल्टवर तोच दोष कितीतरी वाढतो. बॅटरी २० फुटांवर असून घरगुती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली, तर सुमारें ३.५ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतील व तार तापून आग लागण्याचें भय राहील. २५ चौरस मिलिमीटरची मुख्य तार पुढें नेऊन तेथून दिव्यांच्या शाखा काढाव्यात. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा व प्रत्येक शाखेस तिचा निराळा. परतीची तार म्हणून नौकेच्या अल्युमिनियमचा उपयोग कधींहि करूं नये. अशा भटक्या प्रवाहानें नळे पाण्याखालीं कुरतडले जातात, आणि भोंक पडेपर्यंत तें लक्षांतहि येत नाहीं.

शिशाची बॅटरी बंद पेटींत ठेवूं नये, कारण तींतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनें पेटतो. ज्यांस जनरेटर वापरणेंच आहे त्यांनीं तो मागील टोंकास उघड्यावर ठेवावा व धूर पाण्याकडे सोडावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागून वारा असतां संथ नौकेवर तो माणसांभोंवतीं सांचतो, व डोकें दुखूं लागलें तरी कोणास संशय येत नाहीं. शिवाय जनरेटरच्या आवाजानें कांठच्या लोकांची झोपमोड होते. मिनेसोटांत अशा रात्रीच्या नौकेचा आवाज ५० फुटांवर ६५ डेसिबलहून अधिक नसावा असा कायदाच आहे.

नेमबाज सगळे पुढें जमतात, तेव्हां बॅटऱ्यांचें ओझें मागें ठेवल्यास तोल राहतो. पुढील कठडा काढला असेल तर प्रत्येकाच्या अंगांत तरंगजाकीट असलेंच पाहिजे. डावीकडील तांबडा, उजवीकडील हिरवा व मागील पांढरा हे वाहतुकीचे दिवे मोठ्या दिव्यांच्या झोतांत बुडूं देऊं नयेत. समोरून दुसरी नौका आली तर पुढील शाखा एका बटणानें विझवितां येईल अशी सोय नावाड्याच्या हाताशीं असावी.