हुकुमावांचून चालणारें काम

ज्या कामांत पगार देणारा मालक आहे, हजेरी घेणारा मुकादम आहे आणि चुकणाऱ्यास दंड करण्याची सोय आहे, तें काम वेळेवर कसें होतें हें समजावयास फारसा विचार लागत नाहीं. परंतु जेथें काम करणारे आपखुषीनें येतात, निरनिराळ्या देशांत राहतात, पुष्कळदां एकमेकांचें तोंडही त्यांनीं पाहिलेलें नसतें, आणि उद्यां कोणी काम सोडून गेला तर त्यास जाब विचारण्याचा अधिकार कोणासच नसतो, तेथें काम सुमारें तीस वर्षें नियमितपणें व उत्तम रीतीनें चालत राहावें, ही गोष्ट खरोखर विचार करण्याजोगी आहे. अशा एका कामाची हकीकत आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों. त्या कामाचें नांव पोस्टग्रेस-क्यू-एल. नेहमींच्या बोलण्यांत त्यास नुसतें पोस्टग्रेस म्हणतात.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. शाळेच्या कचेरींत जनरल रजिस्टर असतें. त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याचें नांव, जन्मतारीख, शाळेंत दाखल झाल्याचा दिवस व शाळा सोडल्याचा दिवस हीं ओळीनें लिहिलेलीं असतात. डेटाबेस म्हणजे संगणकांत ठेविलेलें असेंच रजिस्टर. भेद इतकाच कीं, येथें लिहिणारा एक कारकून नसून एकाच क्षणीं हजारों माणसें त्यांत लिहीत व वाचीत असतात. आणि तरीही एकाचा हात दुसऱ्याच्या ओळीवर पडतां कामा नये. अशीं रजिस्टरें सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे पोस्टग्रेस.

हें काम किती जोखमीचें आहे, तें एका उदाहरणानें कळेल. समजा, एका खात्यांतून शंभर रुपये काढून ते दुसऱ्या खात्यांत जमा करावयाचे आहेत. पहिल्या खात्यांतून रक्कम वजा झाली, आणि दुसऱ्यांत जमा होण्यापूर्वीं वीज गेली, तर ते शंभर रुपये कोणाचे? चांगल्या डेटाबेसाचा नियम असा कीं, होतील तर दोन्ही नोंदी होतील, नाहीं तर एकही होणार नाहीं. त्यासाठीं मूळ रजिस्टरांत बदल लिहिण्यापूर्वीं तो बदल एका रोजकीर्दींत टिपून ठेवण्यांत येतो. वीज परत आली म्हणजे ती रोजकीर्द वाचून, जो व्यवहार पुरा झाला होता तो कायम करण्यांत येतो, व जो अपुरा राहिला तो झालाच नाहीं असें मानण्यांत येतें. या यंत्रणेंत एक ओळ चुकली तर त्या चुकीचें फळ लिहिणाऱ्यास भोगावें लागत नाहीं. तें दूरच्या एखाद्या निरपराध माणसास भोगावें लागतें. म्हणूनच येथें ‘आम्हीं फुकट काम केलें, चूक झाली तर चालवून घ्या’ असें म्हणण्याची सोय नाहीं.

आतां या संघाचा जन्म कसा झाला तें थोडक्यांत सांगूं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांनीं १९८६ सालीं हें काम आरंभिलें. त्यांच्या पूर्वींच्या डेटाबेसाचें नांव इंग्रेस. त्याच्या पुढचा म्हणून हा पोस्टग्रेस. १९९४ सालीं विद्यापीठानें आपलें काम आटोपलें. त्याच वर्षीं अँड्र्यू यू व जॉली चेन या दोघां विद्यार्थ्यांनीं त्याला एस-क्यू-एल ही डेटाबेसाची सर्वमान्य भाषा समजण्याची शक्ति दिली, व पुढें तो जगाच्या हवालीं केला. विद्यापीठानें हात काढून घेतल्यावर हें पोर पोरकें व्हावयाचें. पण तसें झालें नाहीं. १९९६ च्या जुलैंत मार्क फोर्नियर यांनीं विद्यापीठाबाहेर एक संगणक या कामास दिला. अमेरिकेंत ब्रूस मोमजियन व रशियांत वदिम मिखेयेव यांनीं प्रोग्रामांतील दोष काढण्यास सुरुवात केली. आणि १९९७ च्या जानेवारींत नव्या नांवाची पहिली आवृत्ति बाहेर पडली. तेव्हांपासून दरवर्षीं किंवा थोड्याफार अंतरानें नवी आवृत्ति येत आली आहे. अठरावी आवृत्ति २०२५ च्या सप्टेंबरांत निघाली.

हा प्रोग्राम मुक्त-स्रोत आहे. म्हणजे त्याचा सर्व अंतर्गत मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, वापरावा, त्यास मूल्य नाहीं. घर सर्वांस उघडें आहे हें खरें. पण उघड्या घरांत कोणी कोठेंही भिंत बांधूं लागला तर घर उभें राहील काय? येथेंच व्यवस्थेचा प्रश्न उत्पन्न होतो.

लिनक्स या प्रसिद्ध प्रोग्रामाच्या बाबतींत लिनस टॉरव्हल्ड्स या त्याच्या मूळ कर्त्याचा शब्द शेवटचा समजला जातो. पोस्टग्रेसांत असा एकही पुरुष नाहीं. मूळ मजकुरांत प्रत्यक्ष बदल नोंदविण्याचा अधिकार जगांतील सुमारें तीस जणांस आहे. त्यांस आपण नोंदकार म्हणूं. त्यांखेरीज सात जणांचें एक मध्यवर्ती मंडळ आहे. परंतु हें मंडळ ‘तूं अमुक लिही’ असा हुकूम कोणास करीत नाहीं. आवृत्तीची तारीख ठरविणें, नवा नोंदकार नेमणें, गुप्त ठेवावयाच्या बाबी पाहणें व तंटे मिटविणें हेंच त्याचें काम. या कामांत पडलेले पुष्कळ लोक आतां निरनिराळ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. तथापि कंपनीचा हुकूम संघावर चालत नाहीं. मंडळाचे निम्म्याहून अधिक सभासद एकाच कंपनीचे असूं नयेत, असा संकेत आहे. २०२० सालीं एका कंपनीनें दुसरी विकत घेतल्यामुळें पांचांपैकीं तिघे सभासद एकाच मालकाचे झाले. तेव्हां कोणास काढून न टाकतां दोन नवे सभासद घेण्यांत आले, व पांचांचे सात झाले. संकेत कागदावर नसतांही तो पाळला गेला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. कोणास कांहीं सुधारणा सुचली, तर ती लिहून तो सर्वांपुढें मांडतो. अशा सुधारणेस पॅच, म्हणजे ठिगळ, असें विनोदी नांव आहे. त्यावरील वाद उघड पत्रांनीं होतो, आणि तीं पत्रें कायमचीं राखून ठेवितात. त्यामुळें वीस वर्षांपूर्वीं एखादी गोष्ट कां नाकारली हेंही आज वाचतां येतें. पूर्वीं अशीं ठिगळें आवृत्तीच्या अखेरीस तुंबून राहत, आणि तपासणाऱ्यांची तारांबळ उडे. म्हणून २००८ सालापासून ‘कमिटफेस्ट’ नांवाची पद्धति पडली. वर्षांतून बहुधा पांच महिने — जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी व मार्च — नवें लिहिणें बाजूस ठेवून आलेलीं ठिगळें तपासावयाचीं, असा हा पाठ आहे. त्या महिन्यापुरता एक स्वयंसेवक व्यवस्थापक होतो. त्याच्या हातीं ना छडी, ना वेतन. तो यादी ठेवितो, कोणाचें उत्तर राहिलें तें विचारतो, आठवण देतो, आणि महिनाअखेर प्रत्येक ठिगळाचा निकाल नोंदवितो : स्वीकारलें, नाकारलें, सूचनांसह परत केलें, किंवा पुढच्या खेपेस ढकललें.

या पद्धतींतील एक नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यानें आपलें ठिगळ तपासणीसाठीं दिलें, त्यानें दुसऱ्या कोणाचें तरी तितक्याच तोलाचें ठिगळ तपासावें, अशी अपेक्षा असते. याचें कारण उघड आहे. नवें लिहिण्यांत आनंद असतो व त्यानें नांवही होतें. दुसऱ्याचें लिहिलेलें ओळ न् ओळ वाचण्यांत श्रम अधिक व कीर्ति थोडी. ज्या समाजांत सर्वच लिहितील व कोणीच तपासणार नाहीं, त्या समाजाचें काम थांबलेंच म्हणून समजावें. शिवाय तपासण्याचें काम पंडितांनींच करावें असें नाहीं. ठिगळ मूळ मजकुरावर नीट बसतें काय, तें बसविल्यावर प्रोग्राम तयार होतो काय, ठरलेल्या चाचण्या पार पडतात काय, त्याची माहिती वाचणाऱ्यास कळेल अशी लिहिली आहे काय, इतकें नवशिक्याही पाहूं शकतो. ही रचना योग्य आहे काय, विरळा प्रसंगीं ती दगा तर देणार नाहीं ना, हे कठीण प्रश्न अनुभवी माणसांकडे जातात. आज अनुभवी असलेल्यांपैकीं कित्येकजण याच पायरीवरून वर चढले.

माणसांच्या या तपासणीस यंत्रांची जोड आहे. २००४ सालापासून जगांतील अनेक स्वयंसेवक आपापले संगणक या कामास लावीत आले आहेत. मूळ मजकुरांत बदल झाला कीं हे संगणक तो आपण होऊन घेतात, निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर प्रोग्राम तयार करून पाहतात व निकाल सर्वांस दाखवितात. या ताफ्यास ‘बिल्डफार्म’ म्हणतात, आणि शेतावर शोभावें म्हणून प्रत्येक यंत्रास एका प्राण्याचें नांव देतात. स्वतः केलेला बदल एखाद्या ‘प्राण्यास’ पचला नाहीं, तर नोंदकारानें तो ताबडतोब सुधारावा किंवा काढून घ्यावा, अशी रीत आहे.

परंतु नियम केले म्हणजे मनें दुखावत नाहींत असें नाहीं. एक प्रसंग सांगतों. ‘हें नांव रजिस्टरांत असेल तर ओळ दुरुस्त कर, नसेल तर नवी ओळ घाल’ असें एकाच आज्ञेनें सांगण्याची सोय पोस्टग्रेसांत नीटशी नव्हती. ‘मर्ज’ नांवाची ती आज्ञा सायमन रिग्ज या जुन्या व मान्यवर नोंदकारांनीं २०१८ च्या एप्रिलच्या आरंभीं, आवृत्तीचें दार बंद होण्यास थोडे दिवस उरले असतां, मूळ मजकुरांत बसविली. इतर अनुभवी लोकांनीं तिच्या रचनेवर गंभीर आक्षेप घेतले. रिग्ज यांस तो अधिकार होता. त्यांनीं हट्ट धरला असता तर मोठी दुफळी माजली असती. पण दहाएक दिवसांतच ज्या हातांनीं तें ठिगळ लावलें होतें त्याच हातांनीं तें उसवलें गेलें. पुढें चार वर्षांनीं, २०२२ च्या मार्चांत, आल्व्हारो हेरेरा यांनीं सुधारलेलें मर्ज पुनः बसविलें, आणि पंधराव्या आवृत्तींत तें लोकांस मिळालें. त्या वेळीं कर्त्यांच्या नांवांत रिग्ज यांचें नांव गाळलें गेलें नाहीं. २०२४ सालीं विमान-अपघातांत त्यांचा अंत झाला. परंतु आपलें काम पूर्णत्वास गेलेलें त्यांस पाहावयास मिळालें होतें.

त्याच पंधराव्या आवृत्तींतून, ती निघण्यास जेमतेम सहा आठवडे राहिले असतां, दुसरें एक मोठें काम काढून टाकण्यांत आलें. त्याचे भाग पुढें २०२३ व २०२४ च्या आवृत्त्यांत आले. काम नाकारलें म्हणजे माणूस नाकारला असें नव्हे, हा भेद जो ओळखतो तोच अशा संघांत टिकतो. ज्यांस तो साधत नाहीं ते मुकाट्यानें निघून जातात. तपासणाऱ्यांची वाण आजही संपलेली नाहीं; पुष्कळ ठिगळें या खेपेहून त्या खेपेस ढकललीं जातात, आणि नवशिक्याचा धीर खचतो. मतभेदांतही बोलणें सभ्य असावें, यासाठीं संघास २०१८ सालीं वर्तनाचे लेखी नियम करावे लागले. हें वैगुण्य झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. त्यावरूनच तपासणाऱ्याची किंमत कळते.

या कामांत आपल्या लोकांचाही हात आहे. पुणें शहरांत पोस्टग्रेसावर काम करणारे अभियंते आहेत. २००८ सालच्या आवृत्तींत, नोंद बदलल्यावर जुन्या नोंदीनें अडविलेली जागा त्वरित मोकळी व्हावी, अशी एक फार महत्त्वाची सुधारणा एका भारतीय अभियंत्यानें केली. प्रसिद्धिपत्रकांत त्याच्या नांवाबरोबरच, यांत इतर अनेकांच्या कल्पना आहेत, असेंही नमूद केलें आहे. श्रेय एकास देतांना इतरांस विसरूं नये, ही तेथील चाल आमच्या विद्यार्थ्यांनीं उचलण्यासारखी आहे.

पालकांस आमची एक सूचना आहे. आपला मुलगा किंवा मुलगी संगणकापुढें बसलेली दिसली, तर ‘काय केलेंस?’ एवढेंच विचारून थांबूं नये; ‘कोणाचें काम तपासलेंस, आणि तुझें कोणीं तपासलें?’ हेंही विचारावें. विद्यार्थ्यांनीं तर संगणकाचीही वाट पाहण्याचें कारण नाहीं. पुढच्या निबंधाच्या वेळीं दोघांदोघांनीं वह्या बदलाव्या. तारीख ठरवून घ्यावी. चूक दाखवितांना ती कां चूक आहे हें लिहावें. आणि आपल्या वहींत दुसऱ्यानें काढलेली चूक खरी असेल तर ती त्याच दिवशीं सुधारून त्याचे आभार मानावे. एक महिना हा क्रम पाळून पाहावा. निबंध किती सुधारले हें शिक्षकांस दिसेल. सहकार्याची विद्या किती साधली हें ज्याचें त्यास कळेल.