माहिती फुटली, भरपाई कोण देणार?

प्रश्न : बँकेकडून माझी माहिती फुटली, खात्यातले पैसे गेले. भरपाई मिळेल का? – एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : मिळू शकते, मात्र नुसती माहिती फुटली एवढ्यावर नाही. बँकेच्या निष्काळजीपणामुळेच नुकसान झाले, हे दाखवावे लागते. 2013 मध्ये राज्याच्या आयटी सचिवांनी न्यायनिर्णय अधिकारी म्हणून पंजाब नॅशनल बँकेला पुण्याच्या एका व्यावसायिकास 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ग्राहक बनावट ईमेलला फसला होता, तरीही बँक सुटली नाही. 2023 च्या नव्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंड 250 कोटींपर्यंत असला, तरी तो सरकारी तिजोरीत जातो. पीडिताला दमडी नाही. म्हणून वरचा आदेश ज्याखाली झाला, तो जुना आयटी कायदाच धरा; त्याची तक्रार मंत्रालयात आयटी सचिवांकडे करायची. मंत्रालय लांब पडते म्हणाल, तर सदोष सेवेसाठी नंदुरबारातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. त्याआधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या.