सैल सदरा आटवण्यापूर्वी

सैल सुती सदरा अंगाबरोबर व्हावा म्हणून तो कढत पाण्यात बुडवण्याचा उपाय घरोघरी केला जातो. परंतु सदरा आखूड होतो, घेर मात्र जवळपास तसाच राहतो, असा अनुभव पुष्कळांना येतो आणि त्याचे कारण विणकामातच सापडते. विटा किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागावर ताणा, म्हणजे लांबीच्या दिशेने लावलेले उभे सूत, सतत ताठ ठेवावा लागतो, तर बाण्याला, म्हणजे आडव्या सुताला, त्या मानाने कमी ताण सोसावा लागतो. असे कापड भिजले की सूत फुगते, धरून ठेवलेला ताण सुटतो आणि कापड मुख्यतः लांबीत आटते. कारखान्यातच कापड आटवून घेण्याची सॅन्फोरायझिंग ही प्रक्रिया सॅनफर्ड क्लुएट यांच्या नावावरून ओळखली जाते. ती न झालेल्या कापडाच्या, विशेषतः खादीच्या बाबतीत अस्तर व फॉल भिजवून, वाळवून मगच शिवायला घेण्याची शिंप्यांची शिस्त फार मोलाची ठरते.

लोकरीचे प्रकरण याहून गंभीर आहे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि ऊन पाणी, साबण व चोळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकून तंतू आत सरकतात, पण मागे येत नाहीत. बुरणूस, म्हणजे न विणता दाबून केलेले लोकरीचे जाड कापड, याच गुणावर तयार होतो. जत, आटपाडी किंवा माणकडच्या घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते; अशी घोंगडी कढत पाण्यात चोळली तर खळ निघून जाते, वीण दिसेनाशी होते, पोत कडक होतो आणि हे नुकसान कोणत्याही उपायाने भरून येत नाही. तिला थंड पाणी, हलका हात आणि सावलीच हवी.

पॉलिएस्टर कारखान्यात उकळत्या पाण्याहून अधिक तापमानाला स्थिर केलेले असल्याने घरी फारसे आटत नाही, उलट त्यावर चुण्या मात्र कायमच्या बसू शकतात. रेयॉन ओले असताना दुबळे होते, म्हणून ते पिळू नये.

सुती कपडा आटवायचाच असेल तर आधी लांबी व छाती दोरीने मोजावी, सोसवेल इतक्या ऊन पाण्यात अर्धा तास ठेवावा, सावलीत वाळवून पुन्हा मोजावा आणि गरज वाटली तरच पाणी अधिक तापवावे. शिलाईचा धागा पॉलिएस्टरचा असल्यास कापड आटते, धागा आटत नाही, आणि शिवणीला चुण्या पडतात. त्यामुळे केवळ घेर कमी करायचा असेल तेव्हा बाजूची शिवण आत घेऊन घेणे हाच खात्रीचा मार्ग होय.