भजनगायक आणि मोबाइलवरचे श्रोते

हल्ली तरुण भजनकरी मंडळींकडून एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. आम्ही रियाज करतो, सप्ताहात चाली म्हणतो, गावची चार माणसे डोलतात. पण पंचक्रोशीबाहेर आमचा आवाज जात नाही, तो यूट्यूब-इन्स्टाग्रामवरून कसा पोहोचवावा? या प्रश्नावर नाक मुरडणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे असे नव्हे. गळ्यात वीणा असता डोळा मोबाइलच्या पडद्याकडे लागलेला असणे शोभत नाहीच. तथापि सन २०२० साली संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस न्याव्या लागल्या, वारीची वाट सुनी पडली, तेव्हा घरोघरी भजन-कीर्तन याच मोबाइलवरून ऐकले गेले, हेही आपण सर्वांनी पाहिले. म्हणून साधन टाळण्यापेक्षा ते नीट शिकावे, एवढ्याच हेतूने हा पाठ लिहीत आहोत.

प्रथम आपला श्रोता कोण, हे ओळखले पाहिजे. सिनेमातील गायकाचा चाहता गाणे ऐकतो, वाहवा करतो आणि पुढे जातो. भजनाचा श्रोता तसा नसतो. तो स्वतःच कुठल्या तरी मंडळात टाळ घेऊन उभा राहणारा असतो. एखादी चाल कानावर पडली की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की ही आपल्याला म्हणता येईल का? कोणत्या पट्टीत म्हणतात? ध्रुपदावर कसे यायचे? गावोगावची महिला भजनी मंडळे तर मोबाइल मध्ये ठेवून, थांबवून थांबवून चाली बसवितात. अशा श्रोत्याला केवळ आपला गळा दाखवून भागत नाही. त्याला चाल द्यावी लागते. म्हणून आमची सूचना अशी की एक चाल दोन रीतींनी ध्वनिमुद्रित करावी. एकदा टाळ-मृदंगासह पूर्ण अभंग, रंगेल तसा. आणि एकदा केवळ पेटीवर, संथ, एकेक चरण सुटा करून. ही दुसरी फीत गायकाला स्वतःला फिकी वाटते, पण शिकणारा तिच्याकडे दहा वेळा परत येतो, आणि ज्याने आपली चाल उचलली तो चार गावी ती म्हणताना आपले नावही सांगतो. आमच्या मते मोबाइलवरून खरा श्रोता जोडण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

आता कोणती चाल द्यावी? येथे बहुतेक मंडळी चुकतात. जी चाल थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे घराघरात गेलेली आहे, तीच पुन्हा म्हणून टाकतात. त्या गाण्याच्या शोधात निघालेला माणूस मूळ गायकाचेच ऐकणार, तुमचे कशाला ऐकेल? उलट तुमच्या फडावर, तुमच्या गावी एखाद्या म्हाताऱ्या विणेकऱ्याच्या गळ्यात अशा चाली असतात की त्या कोठेही ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. ते बाबा गेले की ती चाल गेलीच. अशी चाल त्यांच्याच तोंडून, त्यांना विचारून, त्यांच्या नावानिशी घ्यावी आणि मग आपण म्हणावी. जे दुसरीकडे मिळत नाही तेच लोक शोधत येतात.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. संतांचे शब्द सर्वांचे आहेत, त्यावर कोणाचा हक्क नाही. पण अलीकडच्या काळात संगीतकाराने बांधलेली चाल ही वेगळी गोष्ट. आपल्याकडील १९५७ च्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो. लताबाईंनी गायिलेल्या ‘अभंग तुकयाचे’ मधील चाली श्रीनिवास खळे यांच्या. खळे २०११ साली निवर्तले. म्हणजे त्या चालींवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहील. ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क निराळा. तो ती प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांचा. यूट्यूबकडे आवाज ओळखणारी यंत्रणा आहे. दुसऱ्याची मुद्रिका मागे लावून वर आपण गायिलात, तर ती लगेच पकडली जाते आणि जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जातात, किंवा फीतच बंद होते. एवढ्याने घाबरून जाऊ नये. याला नुसता दावा म्हणतात. पण मालकाने रीतसर तक्रार केली आणि नव्वद दिवसांत अशा तीन तक्रारी उभ्या राहिल्या, तर संपूर्ण वाहिनी जाऊ शकते. पारंपरिक चालीवर चुकून दावा आला, तर तो अमान्य असल्याचे तेथेच कळविता येते. समोरच्याने तीस दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. उत्तर दिले नाही तर दावा आपोआप सुटतो.

आवाजाविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण चांगले गाणारे येथेच मार खातात. मोबाइलचा माइक मोठा आवाज आला की सगळेच दाबून टाकतो. वीस टाळकरी एकदम वाजवू लागले की गायकाचा शब्द बुडतो आणि ऐकणाऱ्याला नुसता खणखणाट मिळतो. म्हणून मोबाइल टाळकऱ्यांच्या रांगेत देऊ नये. तो गायकाच्या पुढे, दोन-तीन हातांवर, स्थिर ठेवावा; मृदंग बाजूला, टाळ मागे. कॉलरला लावावयाचा साधा माइक मिळाला तर फारच उत्तम. सप्ताहात साउंडवाला असतोच. त्याला आधी सांगून मिक्सरमधून वायर घेतली तर शब्द स्वच्छ येतो. आधी अर्धा मिनिट मुद्रित करून मोबाइलवरच, कानाला काही न लावता ऐकून पाहावे. कारण ऐकणारा तसेच ऐकणार आहे. चित्र थोडे अंधूक असले तर चालते, आवाज खराब असला तर कोणी थांबत नाही.

पूर्ण अभंग आडव्या चित्रात यूट्यूबवर द्यावा. रील मात्र उभे असते आणि तेथे पहिल्या तीन-चार सेकंदांत माणूस राहतो की सरकतो, यावरच ते पुढे कोणाला दाखवायचे हे ठरते. त्यामुळे रीलमध्ये आलापापासून आरंभ करू नये, थेट ध्रुपदावर यावे, आणि पूर्ण अभंग कोठे आहे ते खाली लिहावे. रील हे आमंत्रण आहे, जेवण नव्हे. एक धोका ध्यानात ठेवावा. दोन तासांच्या कीर्तनातील दोन मिनिटे तोडून फिरविली की अर्थाचा अनर्थ होतो, आणि मग खुलासे देत बसावे लागते. गाण्याचा तुकडा तोडावा, निरूपणाचा तोडू नये.

फितीचे नाव लिहिताना पुष्कळ मंडळी “अप्रतिम भजन, एकदा ऐकाच” असे लिहितात. असे शब्द घालून कोणीही शोधत नाही. अभंगाचा पहिला चरण, संतांचे नाव, गायक, मृदंगमणी, पेटीवादक, गाव, तिथी आणि पट्टी, म्हणजे काळी एक की पांढरी चार, हे सर्व लिहावे. देवनागरीत लिहावे आणि रोमन लिपीतही लिहावे. पुष्कळ लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टंकून शोधतात. साथीदारांची नावे गाळणे हा तर अन्यायच आहे. पखवाज वाजविणाऱ्या पोराने रात्रभर बोटे फोडायची आणि नाव एकट्या गायकाचे, हे आम्हास मान्य नाही.

दिवसाचेही महत्त्व आहे. एकादशीला म्हणावयाचा अभंग एकादशीच्या रात्री देऊन काय उपयोग? तो चार दिवस आधी द्यावा, म्हणजे मंडळांना बसविता येतो. काकड्याच्या चाली आश्विनात, काकडा सुरू होण्यापूर्वी द्याव्यात.

व्हॉट्सॲपचा उपयोग मोठा आहे आणि उपद्रवही तितकाच. न विचारता कोणाला गटात ओढू नये. प्रसारण यादी केली तर २५६ जणांस एकदम निरोप जातो, पण ज्याने आपला क्रमांक साठविला आहे त्यालाच मिळतो. सन २०२३ पासून तेथे चॅनेलचीही सोय आहे; त्यात श्रोत्याचा क्रमांक इतरांना दिसत नाही, म्हणून स्त्रियांना ते सोयीचे पडते. फीत तशीच पाठवू नये, तिचा आवाज-चित्र दाबले जाते. यूट्यूबचा दुवा पाठवावा.

पैशाविषयी थोडक्यात. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यास एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास ऐकणे, अशी अट आहे. (लहान फितींसाठी वेगळी अट आहे.) अट पुरी झाली तरी मिळकत बेताचीच असते, खरा लाभ सप्ताहाच्या बोलावण्यांचा. कीर्तनाचे मोल घेण्याविषयी तुकोबारायांनी किती कठोरपणे बजावले आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. तो विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. फॉलोअर विकत घेण्याचा धंदा मात्र सर्वथा टाळावा. फीत प्रथम आपल्याच फॉलोअरांपैकी काहींना दाखविली जाते. ते खोटे असले तर कोणी ऐकत नाही, आणि फीत तेथेच थांबते. दहा हजारांचा आकडा दिसतो, ऐकणारे चाळीस!

शेवटी, आपले श्रोते सर्वस्वी दुसऱ्याच्या अंगणात ठेवू नयेत. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉक बंद केले. तेथे ज्यांनी लाखो श्रोते जमविले होते त्यांचा सारा मेळा एका रात्रीत उठला. म्हणून सप्ताह संपताना त्या गावच्या मंडळाचे नाव, प्रमुखाचे नाव आणि त्यांची संमती असल्यास दूरध्वनी क्रमांक साध्या वहीत लिहून घ्यावा, आणि त्यांना आवडलेली चालही त्यापुढे टिपून ठेवावी. थेट प्रक्षेपणाची तयारी कशी करावी, ते पुढील अंकी पाहू.